पाया लेबारचा तळ आणि सिंगापुरातल्या जुन्या बराकींची स्मारके

पाया लेबार हे मलय नाव आहे. 'पाया' म्हणजे दलदल आणि 'लेबार' म्हणजे रुंद. सिंगापूर बेटाच्या पूर्वेकडचा हा भाग पूर्वी खरोखरच चिखलाचा होता. रबराचे मळे, कोंबड्या-बदकं पाळणारे लोक, मधूनमधून वस्त्या. कलांगचा जुना विमानतळ अपुरा पडू लागला तेव्हा इथे नवा विमानतळ बांधला, तो २० ऑगस्ट १९५५ रोजी सुरू झाला. आपल्यापैकी जे ज्येष्ठ लोक १९८१ च्या आधी सिंगापूरला गेले असतील, ते याच पाया लेबारला उतरले असतील. १९८१ साली चांगीचा विमानतळ सुरू झाला आणि पाया लेबार सगळं हवाई दलाकडे गेलं.

आता हा तळही हलणार आहे. २०१३ साली तिथल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की २०३० नंतर तळाचं काम चांगी आणि तेंगाह इथे नेतील आणि सुमारे ८०० हेक्टर जमीन मोकळी होईल. २०२२ मध्ये आकडा सांगितला, आसपासच्या भागासह साधारण दीड लाख घरं. जुनी प्रवासी इमारत, हँगर आणि धावपट्टी यांचा काही भाग राखून नवी वस्ती वसवावी असा विचार आहे. धावपट्टी लोकांना फिरायला मोकळी ठेवायची, ही कल्पना मला फार आवडली.

सिंगापुरात जमीन विकणं आपल्यासारखं नसतं. बहुतेक जमीन सरकारची. सरकार ती टेंडर काढून ठराविक वर्षांच्या भाडेपट्ट्याने देतं, घरांसाठी बहुधा ९९ वर्षांच्या. पण इमारत पाडायची की ठेवायची हा प्रश्न तिथेही तोच. पाया लेबारला काय होईल हे समजून घ्यायचं तर आधीच्या बराकींचं काय झालं ते पाहायला हवं.

१९७१ साली इंग्रज फौज सिंगापूरमधून निघाली. आपले तळ, बराकी, इस्पितळं त्यांनी तिथल्या सरकारला दिली. अलेक्झांड्रा इथलं लष्करी इस्पितळ तर नाममात्र एक डॉलर किंमत लावून दिलं. याच इस्पितळात १४ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी सैनिक शिरले आणि त्यांनी रोगी, डॉक्टर, ऑर्डर्ली असे सुमारे २०० जण मारले. ऑपरेशन चालू असलेल्या टेबलावरचा माणूससुद्धा त्यांनी सोडला नाही. इस्पितळ आजही चालू आहे आणि त्याच्या काही जुन्या इमारती राखल्या आहेत. गिलमन बराकी १९३६ च्या. तिथे पुढे चित्रांची दालनं आली. टँगलिनच्या बराकींत आज हॉटेलं आणि दुकानं आहेत, लोक त्या जागेला डेम्प्सी म्हणतात. इमारती वाचल्या खऱ्या, पण तिथे जेवायला बसलेल्या माणसाला इथे कोण राहत होतं हे कुणी सांगत नाही.

सेलारांगची गोष्ट वेगळी. गॉर्डन हायलँडर्स पलटणीसाठी बांधलेल्या या बराकींत सुमारे ८०० माणसांची सोय होती. ऑगस्टअखेर १९४२ मध्ये युद्धकैद्यांनी 'पळून जाणार नाही' अशा कागदावर सही करायला नकार दिला, म्हणून जपान्यांनी १५,००० हून अधिक लोक तिथे कोंडले. पाणी थोडं, संडासासाठी मैदानातच खड्डे खणले. मी नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं, म्हणून हे वाचताना पहिला विचार आमांशाचा येतो. तसंच झालं. माणसं मरतील हे दिसल्यावर अधिकाऱ्यांनी सही करायचा हुकूम दिला. पुढे १९८० च्या दशकात त्या चौकाभोवतीच्या बहुतेक इमारती पाडल्या. छावणीत आज वारसा केंद्र आहे, पण जागा लष्कराची असल्यामुळे सहज आत जाता येत नाही.

त्याच चांगी भागात रॉबर्ट्स बराकी होत्या. कैदेत त्यांचं इस्पितळ झालं. १५१ नंबरच्या इमारतीत आमांशाचे रोगी असत आणि खालच्या मजल्यावरच्या एका खोलीचं त्यांनी प्रार्थनाघर केलं. स्टॅन्ली वॉरन नावाचा सैनिक स्वतः तिथे रोगी होता. १९४२ मध्ये त्याने भिंतींवर ख्रिस्ती धर्मग्रंथातली पाच चित्रं काढली. रंग कुठून आणणार? मिळेल तो तपकिरी, पांढरा, जांभळा रंग वापरला आणि निळ्यासाठी बिलियर्डच्या काठीला लावायचा खडू कुटला. थोडा वेळ चित्र काढायचं, थकला की पडून राहायचं, असं त्याचं चाललं.

पुढे त्या खोलीचं कोठार झालं. भिंतींवर डिस्टेंपर फासलं गेलं. शेजारच्या खोलीत जायला दार पाडलं तेव्हा एका चित्राचा खालचा भागच गेला. १९५८ साली हवाई दलाच्या माणसांना रंगाखाली चित्रं दिसली. वॉरनचा शोध लागला. तो लंडनमध्ये चित्रकला शिकवत होता. त्याला परत यायचं नव्हतं, त्या आठवणी नको होत्या. तरी १९६३, १९८२ आणि १९८८ असा तीनदा येऊन त्याने चित्रं दुरुस्त केली. जो भाग दार पाडताना गेला तो मात्र गेलाच. आपला धर्म वेगळा, भिंतीवर चित्रं काढायची आपल्यात रीत नाही. पण बराक कोठार झाली की भिंतीवरच्या गोष्टीचं काय होतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आपल्या लोकांना जवळची जागा म्हणजे चांगीचा तुरुंग. १९४३ साली जपान्यांनी सिंगापूरच्या यहुदी पुरुषांना तिथे टाकलं. पुढे त्यांना साईम रोडच्या छावणीत हलवलं आणि १९४५ मध्ये बायका-मुलांनाही तिथे नेलं. हे बहुतेक बगदादी घराण्यांतले लोक, मघाइन अबोथ आणि खेसेद एल या सिनेगॉगांत जाणारे. जुना तुरुंग २००४ मध्ये पाडला. तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या माजी कैद्यांनी आणि त्यांच्या सरकारने आग्रह धरला म्हणून पुढचा दरवाजा, भिंतीचा एक भाग आणि दोन बुरूज राहिले. २०१६ साली त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. बोलणारे जिवंत होते म्हणून तेवढं तरी राहिलं.

आणखी एक जागा मला सांगायचीच आहे, कारण ती इस्पितळाची आहे. सिंगापूरचं सरकारी मोठं इस्पितळ १८८२ पासून जिथे आहे त्या भागाला 'सिपॉय लाइन्स' म्हणत, म्हणजे शिपायांच्या बराकींची जागा. हिंदी शिपायांच्या बराकी केव्हाच गेल्या, पण शेजारच्या रस्त्याला अजून कॅन्टोन्मेंट रोडच म्हणतात. फेब्रुवारी १९४२ च्या शेवटच्या दिवसांत तिथे जखमी इतके आले आणि मेले इतके की एकेकाला पुरणं शक्य राहिलं नाही. आवारात पाण्याच्या टाकीसाठी मोठा खड्डा खणलेला होता. त्यात सुमारे ४०० माणसं एकत्र पुरली, नागरिक आणि सैनिक दोन्ही. युद्धानंतर ओळख पटवणं अशक्य, म्हणून कबर तशीच ठेवायचं ठरलं. त्यातल्या १०७ सैनिकांची नावं क्रांजीच्या युद्धस्मारकात कोरली आहेत. म्हणजे देह एका ठिकाणी आणि नाव दुसऱ्या ठिकाणी. हे चालतं, कारण दोन्हींची नोंद एका वहीत आहे.

क्रांजीच्या भिंतींवर २४,००० हून अधिक नावं आहेत. हिंदी सैन्यातली पुष्कळ. पाया लेबारजवळच्या बिदादारी कबरस्तानातल्या सैनिकांच्या कबरी १९५७ मध्ये तिकडेच नेल्या. ('बिदादारी' हा आपला 'विद्याधरी' शब्द, बरं का.) बाकीचं कबरस्तान २००१ पासून पुढे उकरलं, आता तिथे घरं उभी राहिली आहेत आणि थोडे दगड एका छोट्या बागेत लावले आहेत. यहुदी लोकांचं ऑर्चर्ड रोडचं जुनं कबरस्तानही १९८० च्या दशकात रेल्वेसाठी गेलं, अस्थी चोआ चू कांगला हलवल्या. आज त्या जागी धोबी घाट स्टेशन आहे.

हे सगळं आपल्या घरी येऊन ठेपलं आहे. बेने इस्राएल माणूस मुंबई पलटणीत मोठा झाला. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, ते पलटणीतलेच अंमलदार होते. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात सुभेदार-जमादारांची माहिती जमवली म्हणून ती मिळते. आता कॅन्टोन्मेंट मोडायचं धोरण आलं आहे. हिमाचलातलं खास योल एप्रिल २०२३ मध्ये पहिलं मोडलं. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशी सात आहेत. धोरण असं की नागरी भाग नगरपालिकेकडे जायचा आणि लष्करी भाग लष्कराकडे राहायचा.

म्हणून ज्यांच्या घरातलं कुणी पलटणीत होतं त्यांनी काही गोष्टी आताच कराव्या. कबरेचा किंवा पाटीचा फोटो समोरून एक घ्या आणि थोडं मागे सरून दुसरा, म्हणजे आजूबाजूची भिंत, झाड, फाटक दिसेल. मजकूर अक्षर अन् अक्षर उतरवा, कोरणाऱ्याच्या चुकाही तशाच ठेवा. हिब्रू तारीख असेल तर ती वाचता येणाऱ्याला जवळ बसवून लिहून घ्या. संगमरवर ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका, साधं पाणी आणि मऊ कपडा पुरे. अक्षरं एकदा झिजली की भरून निघत नाहीत.

युद्धस्मारकांच्या यादीत नाव शोधताना गावाचं आडनाव सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका. सैन्याच्या कागदांत आपल्या लोकांचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलेलं पुष्कळदा आढळतं, 'कर' लागलेलं आडनाव नसतं. जुन्या कागदांत तर नावंही बदललेली असत. दिवेकरांनाच समाजी हसाजी म्हणत. बापाचं नाव, पलटण आणि गाव या तिन्हींवरून शोधा. घरात पेन्शनचं पुस्तक, पदक किंवा डिस्चार्जचा कागद असेल तर त्याची एक प्रत सिनेगॉगच्या दप्तरात द्या, मूळ आपल्याकडेच ठेवा.

आणि कॅन्टोन्मेंटच्या नकाशावर आपलं कबरस्तान किंवा पाटी नागरी भागात येते की लष्करी, हे तिथल्या ट्रस्टींना विचारून घ्या. नागरी भागात असेल तर पुढे अर्ज नगरपालिकेकडे करावा लागेल. लष्करी भागात असेल तर हश्काबा करायला आत जाण्यासाठी स्टेशन कमांडरकडे परवानगी मागावी लागेल, ती वेळेवर मागा.