सिडचं खातं चालू राहिलं

मंडळी, इथे आपण जुने वाडे, शाळा, मास्तर, गणेशोत्सवातली नाटकं यांच्या आठवणी लिहितो, वाचतो. आज विषय जरा वेगळा आहे. आपल्याच पिढीतल्या एका इंग्रज मुलाच्या गाण्यांचं एक संकलन आहे, त्याबद्दल लिहायचं आहे. मी कॉमर्सचा माणूस, सगळी नोकरी बँकेत गेली. रागदारी थोडी कळते, रॉक संगीतातलं फारसं कळत नाही. पण हिशेब कळतो, आणि या संकलनाच्या मागे एक हिशेब आहे. तो मला सांगावासा वाटतो.

मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याच्या सीडींचं खोकं इंदूरच्या घरीच राहिलं. निवृत्तीनंतर दुपारी वेळ जाईना म्हणून मी ते एकेक ऐकायला घेतलं. त्यातली एक सीडी म्हणजे 'द बेस्ट ऑफ सिड बॅरेट : वुडन्ट यू मिस मी?'. एप्रिल २००१ मध्ये निघालेली, बावीस गाण्यांची. नावाचा अर्थ साधा आहे : तुम्हाला माझी आठवण येणार नाही का? ज्याची ही गाणी, तो सिड त्या वेळी केंब्रिजमध्ये राहत होता, बागकाम करत होता, चित्रं काढत होता. गाणं सोडून त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. 'सिड' हे नावसुद्धा त्याने टाकून दिलं होतं.

त्याचं खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. जन्म केंब्रिजचा, ६ जानेवारी १९४६. वडील डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. मुलगा पंधरा वर्षांचा असताना ते गेले. सिड चित्रकला शिकायला लंडनला आला आणि मित्रांच्या बँडमध्ये सामील झाला. अमेरिकेतले दोन ब्लूज गायक, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल, यांच्या नावांतला एकेक शब्द घेऊन त्याने बँडला नाव दिलं, पिंक फ्लॉइड. पुढे या नावावर कोट्यवधी रेकॉर्डी विकल्या गेल्या. नाव ठेवणारा मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच बाहेर पडला होता.

१९६७ साल त्याचं. मार्चमध्ये 'आर्नॉल्ड लेन', जूनमध्ये 'सी एमिली प्ले', ऑगस्टमध्ये पहिला आल्बम 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन'. जवळपास सगळी गाणी सिडचीच, आणि वय एकवीस. ज्या स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण चाललं होतं, तिथेच शेजारच्या खोलीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते. त्या काळच्या या संगीताला सायकेडेलिक म्हणतात. एलएसडी नावाच्या रसायनाने रंग, आवाज, वेळ यांचं भान विरघळून जातं, तसा अनुभव वाद्यांनी आणि दिव्यांनी उभा करायचा. लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये पिंक फ्लॉइड वाजवत असे तेव्हा त्यांच्या अंगावर रंगीत तेलाचे हलते ठिपके प्रकाशाने टाकलेले असत. सिड तो प्रकार नुसता गात नव्हता, तो त्यात राहतही होता.

वर्ष संपता संपता तो घसरला. कार्यक्रमात एकच सूर वाजवत उभा राहायचा, मुलाखतीत गप्प बसायचा. सगळा दोष त्या गोळ्यांवर टाकायची पद्धत आहे. मला ते फार सोपं उत्तर वाटतं. अचानक आलेली प्रसिद्धी, रोजचे दौरे, मुळातला नाजूक स्वभाव, हे सगळंच त्यात असणार. बँडने त्याच्या मदतीला त्याचाच केंब्रिजचा मित्र आणला, डेव्हिड गिलमोर. दोघं एकत्र गिटार शिकलेले, १९६५ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये रस्त्यावर गाणी म्हणून हिंडलेले. काही कार्यक्रम पाच जणांनी केले. मग २६ जानेवारी १९६८ ला साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघताना गाडीत प्रश्न निघाला, सिडला घ्यायला जायचं का? आणि ठरलं, नको. ना नोटीस, ना राजीनामा. गाडी त्याच्या दारावरून वळली नाही, इतकंच. एप्रिलमध्ये तो बँडमध्ये नसल्याचं जाहीर झालं. गिलमोर त्याच्या जागेवर कायम झाला.

इथून या संकलनातली गाणी सुरू होतात. १९७० या एकाच वर्षात सिडचे दोन आल्बम आले, जानेवारीत 'द मॅडकॅप लाफ्स' आणि नोव्हेंबरमध्ये 'बॅरेट'. पहिल्याचं काम १९६८ पासून रखडलेलं. आधी पीटर जेनर, मग माल्कम जोन्स, आणि शेवटी गिलमोर आणि रॉजर वॉटर्स यांनी ते हाती घेतलं. ज्यांनी गाडी वळवली नव्हती, त्यांतलेच हे दोघे. दुसऱ्या आल्बमला गिलमोर आणि कीबोर्डवाला रिचर्ड राइट यांनी मदत केली. गिलमोरने बास वाजवला, 'डॉमिनोज' या गाण्याला ड्रमही वाजवले.

हे काम किती कठीण होतं ते ऐकताना कळतं. सिडची लय पक्की नाही. एखादी ओळ मध्येच लांबते, एखादी अर्ध्या मात्रेने आखूड होते, आणि पुढच्या वेळी तीच ओळ वेगळीच. आपल्याकडे तबलजी गवयाचा चेहरा बघून सांभाळून घेतो. इथे पुष्कळदा सिडने गिटारवर एकट्याने गायलेलं आधी टेप केलं आणि वादकांनी नंतर त्यावर वाजवलं. म्हणजे जो माणूस आता समोर नाही, त्याच्या चुकलेल्या पावलावर पाऊल टाकायचं. सॉफ्ट मशीन या बँडच्या वादकांनी दोन गाण्यांना असं वाजवलं आहे. तरी ऐकायला गंमत येते. घसरता घसरता गाणं पुन्हा उभं राहतं.

संकलनातली काही गाणी मुद्दाम सांगतो. 'गोल्डन हेअर' ही जेम्स जॉइसची कविता, तिला सिडने चाल लावली. संध्याकाळी एकट्याने ऐकण्यासारखी. 'एफर्व्हेसिंग एलिफंट' हे किशोरवयात लिहिलेलं पोरांचं गाणं. वाघ येतोय म्हणून हत्ती सगळ्या जंगलाला सावध करतो, आणि वाघ त्यालाच खातो. 'ओपल' हे १९६९ चं ध्वनिमुद्रण, पण पहिल्या आल्बमात घेतलंच नाही. लोकांनी ऐकलं थेट १९८८ मध्ये. आणि 'बॉब डिलन ब्लूज', १९७० मध्ये टेप केलेलं. ती टेप इतकी वर्षं गिलमोरकडे होती आणि ते गाणं पहिल्यांदा बाहेर आलं ते याच २००१ च्या संकलनात. मित्राची एक वस्तू तीस वर्षं कपाटात जपून ठेवायची आणि वेळ आल्यावर त्याच्याच नावावर जमा करायची, असा तो प्रकार.

आम्हा माळव्यातल्या लोकांना इथे कुमार गंधर्व आठवणारच. आजारपणाने त्यांचं गाणं पाच-सहा वर्षं बंद होतं. देवासच्या घरात पडल्या पडल्या त्यांनी लोकगीतं ऐकली आणि १९५३ मध्ये परत गायला उभे राहिले. सिडचं तसं झालं नाही. जून १९७० मध्ये लंडनच्या ऑलिम्पियात गिलमोरला सोबत घेऊन तो गायला बसला आणि चार गाणी झाल्यावर गिटार ठेवून उठून गेला. १९७४ मध्ये पुन्हा स्टुडिओत नेलं, हाती काही लागलं नाही. ५ जून १९७५ ला तो आपणहून स्टुडिओत आला. त्याच्यावरच लिहिलेल्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चं काम तिथे चालू होतं. अंगाने सुटलेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या. जुन्या मित्रांनी आधी त्याला ओळखलंच नाही. ओळखल्यावर काहींना रडू आलं. पुढे तो केंब्रिजला गेला तो कायमचा. पुन्हा रॉजर झाला. चित्र काढायचा, फोटो घ्यायचा, आणि चित्र नष्ट करून टाकायचा.

आता हिशेबाकडे येतो. बँकेत बसलेल्यांना माहीत आहे, खातेदाराने दोन वर्षं काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण याला एक बारीक अपवाद आहे. शेअरचा लाभांश खातेदाराच्या सूचनेप्रमाणे खात्यात जमा होत असेल, तर तो ग्राहकाचाच व्यवहार धरतात आणि खातं चालू समजतात. माणूस काउंटरवर येवो न येवो. पूर्वी कधी तरी केलेली एक कृती त्याचं खातं जिवंत ठेवते.

सिडचं नेमकं तसंच झालं. नवीन काम शून्य, पण जमेला खळ नाही. गीतकार-संगीतकाराला प्रत्येक पुनर्मुद्रणावर, दुसऱ्याने गाणं गायलं तरी त्यावर, रॉयल्टी मिळते. १९७३ मध्ये डेव्हिड बोवीने 'सी एमिली प्ले' गायलं. त्याच वर्षी 'डार्क साइड ऑफ द मून' गाजला, नवे श्रोते मागचं शोधू लागले आणि कंपनीने पिंक फ्लॉइडचे पहिले दोन आल्बम एकत्र करून विकले. १९७४ मध्ये सिडचे दोन्ही आल्बम एकत्र आले. १९८८ मध्ये उरलेल्या टेपांचा 'ओपल', १९९३ मध्ये तीन सीडींचा संच, मग २००१ चं हे संकलन. त्याच २००१ च्या नोव्हेंबरात पिंक फ्लॉइडचं 'एकोज' आलं. त्यातल्या सव्वीस गाण्यांपैकी पाच सिडची. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तो जेमतेम तीन वर्षं, तरी पाच गाणी. सिडचे पैसे त्याच्यापर्यंत नीट पोचावेत याकडे लक्ष दिल्याचं गिलमोरने बोलूनही दाखवलं आहे.

यावर लोक दोन बाजूंनी बोलतात. काही म्हणतात, जो माणूस ही गाणी विसरू पाहत होता त्याच्या अडखळण्यासकट सगळं बाजारात मांडलं, हा धंदा झाला. यात तथ्य नाही असं नाही. पहिल्या आल्बमात सुरुवातीला चुकलेलं, पुन्हा सुरू केलेलं गाणंही तसंच ठेवलं होतं, आणि ते मला आजही बरं वाटत नाही. दुसरी बाजू अशी की ज्याला नोकरी करणं शक्य नव्हतं, त्या माणसाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आईच्या मागे तो एका छोट्या घरात स्वतःच्या मर्जीने राहिला. बहीण बघायला येत असे. दार वाजवणाऱ्या चाहत्यांना तो उघडत नसे. त्याला ही मुभा त्याच्याच एकविसाव्या आणि चोविसाव्या वर्षीच्या कामाने दिली.

मला विचाराल तर मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर. पैसे वेळेवर पोचले पाहिजेत आणि माणसाला त्रास देता कामा नये. कितीतरी कलावंतांच्या बाबतीत गाणी विकली जातात आणि घर मात्र उघड्यावर पडतं. इथे निदान एका मित्राने खातेवहीवर नजर ठेवली. दारावरून न वळलेल्या गाडीचं देणं असं फिटतं का, ते मला सांगता येणार नाही. पण त्याने हप्ता चुकवला नाही, एवढं दिसतं.

सिड ७ जुलै २००६ ला केंब्रिजला गेला. स्वादुपिंडाचा कर्करोग, वय साठ. भावंडांसाठी मागे सुमारे १७ लाख पौंड होते, बहुतांश रॉयल्टीचे. त्याचं सामान लिलावात गेलं तेव्हा चाहत्यांनी एक लाखाहून जास्त पौंड मोजले. २०१० मध्ये आणखी एक संकलन निघालं. त्यात पिंक फ्लॉइडची आणि एकट्याची गाणी पहिल्यांदाच एका तबकडीवर आली. देखरेख गिलमोरची. 'हिअर आय गो' या जुन्या गाण्याला त्याने नव्याने बास वाजवला आहे. मूळ टेप १९६९ ची.

ऐकायचं असेल तर आधी 'टेरापिन' ऐका, मग 'डॉमिनोज', आणि 'डार्क ग्लोब' शेवटी ठेवा. कुणाकडे यातली जुनी तबकडी असेल तर खाली अवश्य लिहा.