इंडिया पेल एल : एका कीर्तीची कहाणी

ज्याच्या नावातच आपल्या देशाचे नाव गोवलेले आहे, परंतु ज्याचा जन्म आपल्या देशात झाला नाही, असे एक पेय म्हणजे 'इंडिया पेल एल' ही बिअर होय. गेल्या चार-पाच दशकांत लहान कारखान्यांतून कौशल्याने केलेल्या, 'क्राफ्ट बिअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिअरचा जो बोलबाला झाला, त्याचा ध्वज मुख्यतः हिनेच खांद्यावर घेतला. गुरुग्राम, बंगळूर किंवा कोलकाता येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसापुढे ती येते, तेव्हा तिच्याबरोबर तिची कीर्तीही येते. ती किती तीव्र आहे, जाणत्यांनी तिला किती वाखाणले आहे, आणि पूर्वी समुद्रप्रवास सोसावा म्हणून ती मुद्दाम कशी कडक केली जाई, हे सारे आधी ऐकावे लागते. मग पहिला घोट घेतला जातो, आणि पुष्कळांना किराइताचा काढा आठवतो. तसे बोलण्याचा मात्र धीर होत नाही. थोरांनी नावाजलेली वस्तू आपल्याला रुचली नाही, तर दोष वस्तूचा नसून आपल्या जिभेचा, असे आपण धरून चालतो. हे गृहीत कितपत खरे, याचा निवाडा इतिहासाकडून करून घेणे उद्बोधक ठरेल. 'एकच प्याला'च्या संस्कारांत वाढलेल्या वाचकांनीही याकडे पेयाचा नव्हे, तर कीर्तीचा इतिहास म्हणून पाहण्यास हरकत नसावी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेस बो या भागात जॉर्ज हॉजसन याचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत, तेथून तो जवळ. या जहाजांच्या कप्तानांना खासगी व्यापाराची मुभा असे. हॉजसनने त्यांना दीर्घ मुदतीच्या उधारीवर माल दिला, आणि त्याच्या पिंपांना हिंदुस्थानची वाट सापडली. म्हणजे या प्रसिद्ध पेयाच्या उदयाचे पहिले कारण पाककौशल्य नव्हे, तर सोयीची जागा आणि सैल हिशेब हे होते! १७८४ साली 'कलकत्ता गॅझेट'मध्ये लंडनहून आलेल्या पेल एलची जाहिरात आली, तीत तिची स्तुती 'हलकी आणि उत्कृष्ट' अशी केलेली आढळते. आज जिच्या कडकपणाचे पोवाडे गाइले जातात, तिचा पहिला गुण कलकत्त्याच्या गिऱ्हाइकाला हलकेपणा हा सांगावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

समुद्रप्रवासासाठी ही बिअर असामान्य तीव्र केली जाई, ही समजूत वस्तुतः निराधार आहे. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे सहा ते साडेसहा टक्के असे. त्या काळच्या इंग्लंडात हे काही फार नव्हते. मुरवत ठेवण्याच्या तेथील घरगुती बिअर याहून कितीतरी जड असत. शिवाय काळसर पोर्टर बिअरही हिंदुस्थानात सुखरूप येतच होती, आणि गोऱ्या शिपायांत तिचाच खप मोठा होता. पेल एल टिके ती निराळ्या कारणांनी. एक तर ती पूर्णपणे आंबवलेली असे, त्यामुळे नासण्यास आधार होईल अशी साखर तीत फारशी उरत नसे. आणि दुसरे, हॉप्स या वेलीची कडू, नासणे रोखणारी फुले तीत भरपूर घातलेली असत. कडवटपणा हा त्या काळी मिरवण्याचा गुण नव्हता; प्रवासाची शिदोरी होती.

आणि त्या प्रवासानेच खरी किमया केली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडीत, लाकडी पिंपे हेलकावत येत. त्या अवधीत आत मंद असे दुसरे किण्वन चाले. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन याने इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये एक निराळे यीस्ट दाखवून दिले, आणि या जुन्या मुरणीचे रहस्य काहीसे उलगडले. कलकत्त्यास पोचेपर्यंत कोवळा कडूपणा निवालेला असे. मग आबदाराने सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या गार कराव्यात, आणि १८३३ नंतर अमेरिकेहून जहाजाने येऊ लागलेल्या बर्फाने ते काम सोपे करावे! उन्हाने शिणलेल्या माणसाला हवे होते ते स्वच्छ, कोरडे, तहान भागविणारे पेय. ते त्याला मिळाले. निराशेचे कारण नव्हते, कारण अपेक्षा आणि वस्तू यांचे माप एकच होते.

हॉजसनच्या वारसांना मात्र यश पचले नाही. १८२० च्या सुमारास त्यांनी कप्तानांना डावलून स्वतःच माल पाठविण्यास आरंभ केला, भाव चढविले आणि उधारी बंद केली. तेव्हा कंपनीचे एक संचालक मार्जोरिबँक्स यांनी बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसॉप याला हा व्यापार सुचविला. रशियातील गिऱ्हाईक जकातीपायी गमावून बसलेल्या बर्टनकरांना ती पर्वणीच वाटली. तेथील विहिरींचे पाणी जिप्समयुक्त असल्यामुळे फिकट, कोरडी बिअर अधिकच खुलली. १८२३ पासून बर्टनचा माल कलकत्त्यास येऊ लागला आणि बोची सद्दी संपली. 'इंडिया पेल एल' हे नाव रूढ झाले ते पुढे, १८३० च्या आसपास. म्हणजे वस्तू आधी आली, बिरुद मागाहून चिकटले.

पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. १८८० च्या कायद्याने इंग्लंडात बिअरवरचा कर तिच्या घनतेवर बसला, पहिल्या महायुद्धात धान्यटंचाई आली, आणि तीव्रता घसरत गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास याच नावाने तेथे चार टक्क्यांहूनही सौम्य बिअर विकली जात होती. एके काळी नाव तेच राहून वस्तू पातळ झाली. नंतर नाव तेच राहून ती दाट झाली. हे दुसरे काम अमेरिकेने केले. सॅन फ्रान्सिस्को येथील बुडीत निघालेला अँकर कारखाना १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग याने घेतला आणि १९७५ साली कॅस्केड नावाच्या नव्या सुवासिक हॉप्सची 'लिबर्टी एल' काढली. १९९४ साली कॅलिफोर्नियातच व्हिनी सिलुर्झो याने हॉप्सचे आणि मद्यार्काचे माप वाढवून 'डबल' प्रकार केला. मग चढाओढीला ऊत आला. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने बिअर गोठवून, तिच्यातील पाणी बर्फरूपाने काढून टाकून, २००९ साली ३२ टक्क्यांची आणि २०१० साली ५५ टक्क्यांची बिअर जाहीर केली. ही दुसरी तर पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या कलेवरात बाटली बसवून विकली गेली. ज्या अँकरपासून हे पुनरुज्जीवन सुरू झाले, त्याला मात्र २०२३ साली टाळे लागले.

तीव्रतेला स्तुती का मिळते, हे समजण्यास अवघड नाही. परीक्षक एका बैठकीत वीस-वीस नमुन्यांचे घोट चाखतो. त्या गर्दीत सौम्य बिअर हरवते आणि जी जिभेवर आघात करते तीच लक्षात राहते. परंतु आपल्याला घोट नव्हे, पेला संपवायचा असतो! गुण देणारा आणि उपभोग घेणारा यांच्या कसोट्याच भिन्न आहेत.

दुर्मिळतेचा प्रभाव याहून सूक्ष्म आहे. बेल्जियममधील वेस्टव्लेटेरन येथील सेंट सिक्स्टस मठातील भिक्षू आपल्या निर्वाहापुरतीच बिअर करतात. त्यांची १०.२ टक्क्यांची 'बारा नंबर' २००५ साली जगातील सर्वोत्तम म्हणून गाजली, आणि मठाच्या दारी रांगा लागल्या. वास्तविक १९४६ ते १९९२ या काळात मठाच्याच परवान्याने जवळच्या वाटू गावी सेंट बर्नार्डस कारखाना ही बिअर करीत असे. त्याची तशाच वळणाची बिअर आजही दुकानात सहज मिळते. पण सहज मिळते म्हणूनच तिच्यासाठी कोणी यात्रा करीत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ली, फ्रेडरिक आणि एरिएली यांच्या एका प्रयोगात बिअरमध्ये बाल्सॅमिक व्हिनेगरचे थोडे थेंब घातले होते. चाखण्यापूर्वी ज्यांना हे सांगितले, त्यांना ती कमी आवडली. चाखल्यानंतर ज्यांना कळले, त्यांच्या आवडीत फरक पडला नाही. कानांनी ऐकलेले जिभेच्या आधी पोचते, असाच याचा अर्थ.

आपल्याकडे या निराशेला आणखी एक कारण आहे, आणि ते इतिहासाचा विपर्यास म्हणावे असे आहे. आजच्या इंडिया पेल एलचा प्राण म्हणजे ताज्या हॉप्सचा सुवास. तो उन्हाने आणि काळाने उडून जातो, आणि मागे नुसता कडूपणा राहतो. पूर्वी ज्या प्रवासाने ही बिअर परिपक्व होई, त्याच प्रवासाने आता ती निर्जीव होते. परदेशची नामांकित बाटली बंदरात, गोदामात, दुकानाच्या फळीवर महिनेन्‌महिने तापून आपल्या हाती येते, तेव्हा तिची परीक्षा करण्यात अर्थ नसतो. तिची तारीख वाचावी, एवढेच. आपली जीभ त्या वेळी खोटे बोलत नसते. तिने साक्ष दिलेली असते.

यावर उपाय जवळच आहे. २००९ साली पुण्यात भारतातील आरंभीच्या लघु कारखान्यांपैकी एक सुरू झाला, आणि त्यानंतर गुरुग्राम, बंगळूर येथे अनेक निघाले. तेथे जागच्या जागी केलेली गव्हाची साधी बिअर, पाच टक्क्यांच्या आतबाहेरची, कोणत्याही जागतिक यादीत नसली तरी ताजी असते. कलकत्त्याच्या त्या पहिल्या जाहिरातीतील दोन्ही विशेषणे तिला लागू पडतात. पुण्याच्या त्या कारखान्याचे नाव 'डूलॅली' असे आहे. हा शब्द आपल्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश होय. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांच्या मनाला जो विकार जडे, त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत, आणि त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. दीर्घ प्रतीक्षेने माणसाची बुद्धी कशी चळते, याला शिपाईगड्यांनी दिलेले हे नाव प्रसिद्ध बाटलीच्या मागे धावणाऱ्यांनाही शोभेल.