वजूचें पाणी

तुळजापुरास भवानीच्या दर्शनास गेलेला यात्रेकरू पायऱ्या उतरूं लागला कीं गाभाऱ्याच्या आधीं त्यास पाणी भेटतें. कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ हीं दोन्ही त्याच्या वाटेवरच आहेत. कोणी तेथें स्नान करतो, कोणी नुसते हातपाय धुतो, आणि मग देवीपुढें उभा राहतो. देवापुढें जावयाचें तर आधीं अंगास पाणी लागलें पाहिजे, ही गोष्ट या मुलखांतील हिंदूस कोणी शिकवावी लागत नाहीं. त्याच्या शेजारचा मुसलमान नमाजापूर्वीं असेंच कांहीं करतो, हें आपण नित्य पाहतों. त्यामागील विचार काय, याची चौकशी मात्र आम्हां सुशिक्षितांच्या घरीं क्वचितच होते. या विधीस वजू म्हणतात.

वजूचा मूळ आधार कुराणाच्या पांचव्या अध्यायांतील सहाव्या वचनांत आहे. तोंड धुवावें, हात कोपरांपर्यंत धुवावे, ओला हात डोक्यावरून फिरवावा आणि पाय घोट्यांपर्यंत धुवावे, एवढींच चार कृत्यें त्यांत सांगितलीं आहेत. शिया लोक पाय न धुतां त्यांवरून ओला हात फिरवितात. एका अरबी शब्दाच्या अंतींचा स्वर कोणता घ्यावा, एवढ्यावर हा भेद बराचसा उभा आहे. आमच्याकडील पाठभेदांचे वाद ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांस याचें नवल वाटूं नये. चूळ भरणें, नाकांत पाणी घेणें वगैरे गोष्टी पैगंबरांच्या आचारावरून आल्या. संध्येंतील आचमनाची येथें सहज आठवण होते. परंतु आचमनाचें पाणी प्यावयाचें असतें, वजूची चूळ टाकावयाची असते. साम्य दिसलें कीं लगेच एकाचें मूळ दुसऱ्यांत शोधूं लागणें आम्हांस पसंत नाहीं.

पाणी किती लागावें, याविषयीं या धर्माचें धोरण काटकसरीचें आहे. पैगंबर एक मुद्द पाण्यांत वजू उरकीत, अशी परंपरा आहे. मुद्द म्हणजे माणसाची एक भरली ओंजळ, अदमासें पाऊण लिटर. वाहत्या नदीकांठीं बसलेल्यानेंही पाणी उधळूं नये, असें सांगतात. आणि पाणी मिळालेंच नाहीं, किंवा आजारी मनुष्यास तें अपायकारक असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकून ते तोंडावरून व हातांवरून फिरवावे; यास तयम्मुम म्हणतात, आणि त्याची आज्ञाही वर सांगितलेल्या वचनांतच आहे. आमच्या धर्मशास्त्रांतही स्नानाचे सात प्रकार मोजले आहेत, त्यांत वारुण म्हणजे पाण्याचें स्नान हें एकच; मांत्र, आग्नेय, वायव्य, दिव्य, मानस यांच्या जोडीला मातीचें भौम स्नानही आहे. अरबस्तानच्या वाळवंटांत आणि भरतखंडांत शास्त्रकारांस एकाच अडचणीचा विचार करावा लागला. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, आणि २०१६ सालीं शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें तें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही अडचण समजावून सांगावयास नको.

पाणी शुद्ध केव्हां आणि बाटलें केव्हां, हा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा. हनफी पंथाच्या विद्वानांनीं ठरविलें कीं, जलाशय इतका मोठा असावा कीं एका कांठास पाणी हालविलें असतां दुसऱ्या कांठास हालूं नये. व्यवहारासाठीं त्याचें माप दहा हात लांब व दहा हात रुंद असें धरलें. एवढ्या पाण्यांत कांहीं घाण पडली तरी रंग, वास किंवा चव बदलल्यावांचून तें बाटत नाहीं. कोंकणी मुसलमान शाफी पंथाचे; त्यांचें माप दोन कुल्ले, म्हणजे दोन मोठे रांजण. मशिदींच्या चौकांतले हौद अशा हिशेबांतून आले. हौद हा आमच्या वाड्यांतला घरगुती शब्दही मूळचा अरबीच. तुळजापूर तालुक्यांतील नळदुर्गास बोरी नदीच्या बंधाऱ्यांत ज्यानें १६१३ त पाणीमहाल बांधविला, त्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या विजापुरांतील रोज्यांत कबर व मशीद यांच्यामध्यें हौदच आहे. मुंबईची जामा मशीद १८०२ सालीं पुरी झाली, ती तर जुन्या तळ्यावरच काळ्या दगडाच्या सोळा कमानींवर उभी आहे.

आतां माणसाच्या स्पर्शाविषयीं. हनफी पंथाचा ‘हिदाया’ हा बाराव्या शतकांतील ग्रंथ हिंदुस्थानच्या मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला. त्यांत मनुष्याचें उष्टें पाणी शुद्धच मानलें आहे. तो मनुष्य मुसलमान नसला तरीही. म्हणजे शास्त्रापुरतें बोलावयाचें तर, कोणा माणसानें हात लावल्यानें पाणी बाटतें, ही कल्पना त्यास मान्य नाहीं.

परंतु शास्त्र पोथींत राहतें आणि देश आपल्या रीतीनें चालतो. ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां त्या तळ्यांत पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून सवर्णांनीं तें ‘शुद्ध’ करून घेतलें. मुसलमान मात्र तेथें पूर्वींपासून विनाअडथळा पाणी भरीत असत. ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्याहून कमी प्रसिद्ध अशी दुसरी गोष्ट १९३४ सालची. तुळजापूर ज्या निजामी राज्यांत १९४८ पर्यंत होतें, त्याच राज्यांतील दौलताबादच्या किल्ल्याशीं डॉ. आंबेडकर आपल्या सुमारें तीस सोबत्यांसह गेले. महिना रमजानचा होता. प्रवासाच्या धुळीनें माखलेल्या कांहीं मंडळींनीं किल्ल्याच्या दाराबाहेरील टांक्याच्या फरसबंदीवर तोंड व पाय धुतले. वजूंत धुतात तेच अवयव, पाणी कांठोकांठ भरलेलें. ‘हिदाया’च्या कर्त्यास यांत आक्षेप घेण्यासारखें कांहींच सांपडलें नसतें. तोंच पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान, धेडांनीं टांकें बाटविलें, असें ओरडत धांवत आला, आणि पाहतां पाहतां त्याच्या धर्माचे लोक शिव्या देत भोंवतीं जमले. हीच तुमच्या धर्माची शिकवण काय, आणि आमच्यापैकीं कोणी मुसलमान झाला तर त्यास तुम्ही या पाण्यापासून अडवाल काय, असें डॉ. आंबेडकरांनीं विचारलें. जमाव निरुत्तर झाला. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेविली आहे. पहारेकऱ्यानें वरिष्ठांस विचारून मंडळींस आंत जाण्याची परवानगी दिली. मात्र किल्ल्यांत कोठेंही पाण्यास हात लावूं नये, अशी अट घातली, आणि ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर दिला.