त्रैक्य : खंडन करण्याआधी समजून घेऊ या

'एक अधिक एक अधिक एक बरोबर तीन होतात, मग ख्रिस्ती लोक एक कसे म्हणतात?' हा प्रश्न आपल्याकडच्या वक्त्यांच्या भाषणांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंमध्ये इतक्या वेळा येतो की, या प्रश्नावर विषय संपला असे अनेकांना वाटते. श्रोते हसतात आणि टाळ्या पडतात. पण एक साधी गोष्ट कोणी विचारत नाही. ज्या माणसांनी चौथ्या शतकात या सिद्धांताला शब्दरूप दिले ती त्या काळातील ग्रीक तर्कशास्त्र आणि वक्तृत्व शिकलेली माणसे होती. बेरीज त्यांनाही येत होती. मग ते नेमके काय म्हणत होते?

ख्रिस्ती श्रद्धा थोडक्यात अशी. ईश्वर एकच आहे. पिता ईश्वर आहे, पुत्र ईश्वर आहे, पवित्र आत्मा ईश्वर आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे पवित्र आत्मा नव्हे, तरीही ईश्वर तीन नाहीत. यातील गोम 'काय' आणि 'कोण' या दोन प्रश्नांत आहे. 'तो काय आहे?' असे विचारले तर उत्तर एक येते : ईश्वर. 'तो कोण आहे?' असे विचारले तर उत्तरे तीन येतात. म्हणजे एक आणि तीन हे एकाच गोष्टीबद्दल सांगितलेले आकडे नाहीत, असा त्यांचा दावा आहे. मराठी ख्रिस्ती बांधव यासाठी 'त्रैक्य' हा शब्द वापरतात, 'त्रिमूर्ती' नव्हे, आणि ते योग्यच आहे. त्रिमूर्ती म्हटले की आपल्या भागात तीन देव, त्यांची वेगवेगळी कामे, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. निर्मितीचे काम एकाचे आणि संहाराचे दुसऱ्याचे अशी वाटणी ख्रिस्ती सिद्धांताला मान्य नाही.

दावा समजला म्हणजे तो पटला असे नाही. मलाही तो पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच. पण आधी इतिहास.

'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये नाही हे खरे आहे, आणि ख्रिस्ती विद्वान ते नाकारत नाहीत. लॅटिनमध्ये हा शब्द कार्थेजच्या तर्तुलियनने रूढ केला, म्हणजे इसवी सन २०० च्या आसपास. बाप्तिस्म्याच्या वेळी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव घेण्याची रीत मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (मत्तय २८:१९), आणि पुढचा सगळा वाद त्या तीन नावांचा अर्थ काय, यावर झाला. आपले वक्ते आणखी एक मुद्दा मांडतात, योहानाच्या पहिल्या पत्रातील स्वर्गातल्या तीन साक्षीदारांच्या वाक्याचा. ते वाक्य जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मसने १५१६ च्या आपल्या छापील आवृत्तीत ते घेतले नव्हते, १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत घातले. आजच्या बहुतेक भाषांतरांत ते मूळ मजकुरात नसते. मुद्दा बरोबर आहे, पण त्याने इमारत पडत नाही, कारण चौथ्या शतकात सिद्धांत ठरला तेव्हा त्या वाक्याचा आधार घेतलेलाच नव्हता.

आता निकिया. इसवी सन ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद निकिया येथे बोलावली. ते गाव आज तुर्कस्तानात इझ्निक नावाने आहे. या परिषदेबद्दल आपल्यात तीन गैरसमज घट्ट बसले आहेत. पहिला, तिथे बायबलमधील पुस्तके निवडली गेली. तशी चर्चा तिथे झाली नाही. दुसरा, सम्राटाने मतदान घेऊन हजरत ईसा (अ.) यांना देव बनवले. तिसरा, अलेक्झांड्रियाचा अरियस हा आपल्यासारखा तौहीद मानणारा होता आणि त्याला दडपले गेले.

तिसऱ्या गैरसमजाकडे जरा थांबून पाहू, कारण तो आपल्याला सर्वांत जास्त सुखावतो. अरियस म्हणत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, तो अनादी नाही. इथवर आपण मान डोलावतो. पण अरियसचा पुत्र म्हणजे मरियम (अ.) यांच्या पोटी जन्मलेला, इतर प्रेषितांसारखा एक मनुष्य नव्हता. सृष्टीच्याही आधी निर्माण झालेला, ज्याच्या द्वारे उरलेली सृष्टी घडली, असा तो होता. त्याला उपासनेतही स्थान होते. कुरआनच्या दृष्टीने पाहिले तर हीदेखील शिर्कचीच वाट आहे. किंबहुना निकियाच्या बाजूचा अथनेशियस अरियसवर हाच आरोप करत होता : पुत्र जर निर्मित असेल आणि तुम्ही त्याची उपासना करत असाल, तर तुम्ही निर्मितीची उपासना करता. हा युक्तिवाद कुणाही मुसलमानाला ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की अथनेशियसने यातून बाहेर पडताना पुत्राला निर्मितीच्या बाहेर ठेवले, आणि आपण उपासना थांबवतो.

राहिला सम्राट. निकियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असे ठरवले, अरियसला हद्दपार केले, आणि राजाज्ञेचे बळ त्यामागे होते, हे खरे. पण पुढे काय झाले पाहा. काही वर्षांतच त्याच कॉन्स्टंटाइनने अथनेशियसला ट्रियरला हद्दपार केले. ३३७ मध्ये मृत्यूशय्येवर सम्राटाने बाप्तिस्मा घेतला तो अरियसची पाठराखण करणाऱ्या निकोमिडियाच्या युसिबियसच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस निकियाच्या विरोधकांच्या बाजूचा होता. अथनेशियसला एकूण पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. सत्तेने सिद्धांत लादला म्हणायचे तर सत्ता निम्मा काळ उलट्या बाजूला होती. शेवटी थिओडोसियसच्या काळात, ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत निकियाची बाजू कायम झाली. तोवर बॅसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी ती शब्दयोजना पक्की केली होती, जी वर 'काय' आणि 'कोण' म्हणून सांगितली. निस्साच्या ग्रेगरीने तर 'तीन ईश्वर नाहीत' याच विषयावर स्वतंत्र लेखन केले. म्हणजे आपला आजचा आक्षेप त्याच्या कानावर आधीच आलेला होता.

मग कुरआन कोणाचे खंडन करते? 'तीन म्हणू नका' हा आदेश सूरह अन-निसा (१७१) मध्ये आहे, अल्लाह तिघांपैकी तिसरा आहे असे म्हणणाऱ्यांचा निषेध सूरह अल-माइदा (७३) मध्ये आहे. त्याच सूरहच्या आयत ११६ मध्ये अल्लाह हजरत ईसा (अ.) यांना विचारतो की, मला आणि माझ्या आईला दोन उपास्ये माना असे तुम्ही लोकांना सांगितले होते का. या शेवटच्या आयतीवरून अनेकांनी ठरवून टाकले की ख्रिस्ती त्रैक्य म्हणजे अल्लाह, ईसा आणि मरियम. एखाद्या ख्रिस्ती शेजाऱ्याला हे ऐकवले की तो गोंधळतो आणि आपल्याला काही माहीत नाही असे समजतो. आयत नीट वाचली तर तिथे त्रैक्याची व्याख्या नाही. तिथे प्रश्न उपासनेचा आहे. चर्चच्या ठरावात मरियम (अ.) कुठे बसतात याच्याशी त्या प्रश्नाचे देणेघेणे नाही, लोक प्रत्यक्षात कोणापुढे झुकतात याच्याशी आहे. अरबस्तानात काही स्त्रिया मरियमला भाकरीचा नैवेद्य दाखवतात, अशी तक्रार चौथ्या शतकात एपिफेनियस या बिशपनेच लिहून ठेवली आहे, आणि त्याने स्वतः ते पाखंड म्हटले आहे.

आपल्या जुन्या विद्वानांनी हे बारकावे समजून घेतले होते. अब्बासी खलिफा महदी (७७५–७८५) आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमथी पहिले यांच्यात दोन दिवस संवाद झाला. केरळचे ख्रिस्ती ज्या चर्चच्या छत्राखाली होते तेच हे चर्च. याच तिमथींकडून खलिफाने अ‍ॅरिस्टॉटलचा एक तर्कग्रंथ अरबीत करून घेतला होता. खलिफाची सुरुवात आपल्यासारखीच झाली : तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने ईश्वराने स्त्रीपासून पुत्र मिळवला असे म्हणावे हे शोभत नाही. तिमथींनी उत्तर दिले की असे म्हणणे आम्हालाही ईशनिंदाच वाटते. मग त्यांनी सूर्य, त्याचा प्रकाश आणि उष्णता असे उदाहरण दिले. (हा वृत्तांत तिमथींनी स्वतः सिरियाक भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे चांगली उत्तरे त्यांच्याच वाट्याला येणार हे धरून चालावे.) लक्षात राहते ते असे की खलिफा पहिल्या गैरसमजावर अडून बसला नाही. उत्तर ऐकले आणि पुढचा, अधिक कठीण प्रश्न विचारला.

पुढच्या पिढ्यांत अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती पंडितांनी 'काय'साठी जौहर आणि 'कोण'साठी उक्नूम हे शब्द वापरले. बसऱ्याच्या अम्मारसारख्यांनी मांडणी केली की, तुम्ही अल्लाहला हय्य म्हणजे जिवंत मानता आणि बोलणारा मानता; त्याचे जीवन म्हणजे आत्मा, त्याचा शब्द म्हणजे पुत्र, झाले. हा डाव साधा नव्हता, कारण नेमका तोच वाद मुसलमानांच्या घरात पेटला होता. अल्लाहचे ज्ञान, सामर्थ्य, कलाम हे गुण अनादी आहेत का? असतील तर अनादी गोष्टी किती झाल्या? मुअ्तझिला म्हणत, असे अनेक अनादी मानाल तर ख्रिस्त्यांसारखे व्हाल. ८३३ मध्ये खलिफा मामूनने 'कुरआन निर्मित आहे' हे मत लादले तेव्हा त्याच्या पत्रात हीच तुलना होती. त्याच प्रकरणात इमाम अहमद बिन हंबल यांना तुरुंगवास घडला. दुसरीकडे इब्न कुल्लाब यांनी सूत्र मांडले की, गुण म्हणजे तो स्वतः नव्हे आणि त्याहून वेगळेही नव्हेत. ते सूत्र सुन्नी कलामशास्त्रात टिकले. बेरजेच्या गणिताने ते तपासून पाहावे, असे टाळ्या घेणाऱ्या वक्त्यांना सुचवावेसे वाटते.

मग फरक उरत नाही का? उरतो, आणि तो इथेच नीट दिसतो. गुण हा 'कोण' नसतो. अल्लाहचे ज्ञान अल्लाहशी संवाद करत नाही, त्याची प्रार्थना करत नाही, मानवी देह धारण करत नाही. काझी बाकिल्लानी यांनी दहाव्या शतकात विचारले की, गुणांवरूनच उक्नूम ठरत असतील तर तीनवरच का थांबता, सामर्थ्याचा चौथा का नाही? हा प्रश्न गणिताच्या प्रश्नापेक्षा कितीतरी जड आहे, कारण तो समोरच्याच्या मांडणीच्या आतून विचारलेला आहे.

या सगळ्यांत मला अबू ईसा अल-वर्राक मोठे वाटतात. नवव्या शतकातील हा माणूस, ज्याच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल मुसलमान संशय घेत. त्यांनी मेल्काइट, याकूबी आणि नेस्टोरियन या तिन्ही ख्रिस्ती पंथांविरुद्ध ग्रंथ लिहिला. सुरुवातीला प्रत्येक पंथ काय मानतो, कुठे एकमेकांशी सहमत आहे, कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरतो, हे इतके तपशिलात दिले आहे की खंडन बराच वेळ सुरूच होत नाही. आणि मग प्रश्न येतो : तुम्ही म्हणता जौहर म्हणजेच तीन उक्नूम. उक्नूम परस्परांहून वेगळे, जौहरात मात्र वेगळेपणा नाही. मग ज्यात वेगळेपणा आहे आणि ज्यात नाही, ते दोन्ही एकच कसे?

याला उत्तर दिले बगदादच्या याह्या बिन अदी यांनी. ते याकूबी ख्रिस्ती, अल-फाराबींचे शिष्य, मृत्यू ९७४. बुद्धी, जाणणारा आणि जाणले जाणारे हे तिन्ही ईश्वरात एकच असूनही त्यांच्या व्याख्या वेगळ्या, असे उदाहरण ते देतात, आणि ते त्यांना आपल्या मुसलमान गुरूच्या तत्त्वज्ञानात सापडले होते. उत्तर देण्याची त्यांची पद्धत अशी की, आधी अबू ईसांचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवायचा, मग त्याखाली आपले म्हणणे लिहायचे. अबू ईसांचा मूळ ग्रंथ पुढे नष्ट झाला. आज तो वाचायचा तर याह्यांचे उत्तरच उघडावे लागते. अल-किंदी यांची त्रैक्याविरुद्धची छोटी पुस्तिकाही अशीच, याह्यांनी लिहिलेल्या उत्तरात तेवढी वाचली आहे.