स्फोटजन्य मस्तिष्काघात : प्रतिकृती व गणित

कवटीस छर्रा न लागता वा जखम न होताही निव्वळ स्फोटाच्या दाबलहरीने सैनिकाच्या मेंदूस जी इजा पोहोचते, तिची कारणपरंपरा कृत्रिम मस्तके व संगणकीय गणिते यांच्या साह्याने तपासणारी यामिकीची शाखा.

पूर्वेतिहास : पहिल्या महायुद्धातील ‘शेल-शॉक’ (मायर्स, 1915) लहरीमुळे की भयामुळे, याचा निकाल त्या काळी लागला नाही.

प्रयोग : मोकळ्या मैदानातील स्फोटात हवेचा दाब क्षणार्धात शिखर गाठतो, काही सहस्रांश सेकंदांत ओसरतो आणि पुढे वातावरणाच्या दाबाहूनही खाली उतरतो; या आलेखास फ्रीडलँडर यांचे नाव आहे. हीच लहर प्रयोगशाळेत उत्पन्न करण्यासाठी लांब नळीच्या एका टोकास वायू दाबून कोंडतात व त्यापुढे मायलार या प्लास्टिकचे पडदे ताणून बसवितात. पडदे जितके अधिक, तितका ते फाटताना सुटणारा दाब मोठा. नळीत ठेवलेल्या मस्तकावर व मस्तकात दाबमापक असतात. संगणकात मात्र कवटी, मस्तिष्कद्रव व मेंदू यांचे असंख्य लहान घटक पाडून प्रत्येकाचा ताण मोजावा लागतो. सर्व बाजूंनी दाबल्यास मेंदू पाण्याप्रमाणेच आकसत नाही, पण कर्तनबलापुढे (थर एकमेकांवरून सरकविणाऱ्या बलापुढे) अत्यंत दुबळा ठरतो. गणिताची सारी मेख येथेच आहे.

शिरस्त्राण : नेब्रास्का विद्यापीठात नमस चंद्रा यांच्यासमवेत व पुढे रूडकीच्या आयआयटीत शैलेश गणपुले यांनी केलेल्या अभ्यासास येथे विशेष महत्त्व द्यावे लागते. शिरस्त्राण व डोके यांच्यामधील फटीत शिरलेली लहर पलीकडच्या बाजूने आलेल्या लहरीस मिळून दाब एका ठिकाणी एकवटते. म्हणजे गोळी अडविणारे साधनच क्वचित त्या जागी भार वाढविते. गाद्यांनी फट भरल्यास हा परिणाम घटतो. स्फोटप्रतिबंधक शिरस्त्राणाच्या कार्याबद्दल गणपुले यांना राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा 2021 चा पुरस्कार मिळाला.

मतभेद : लहर कवटीतून थेट शिरते, कवटी लवविते, की छातीवरील दाब रक्तवाहिन्यांवाटे मेंदूपर्यंत पोचवते, यांविषयी मतैक्य नाही.

महाराष्ट्र : जांभुळखेडा (जि. गडचिरोली) येथील 1 मे 2019 च्या सुरुंगस्फोटात 15 पोलीस व वाहनचालक मृत्युमुखी पडले. वाहनच उद्ध्वस्त झाल्यावर मस्तिष्काघाताचा स्वतंत्र विचार उरत नाही. प्रस्तुत शास्त्राचा खरा विषय आहे तो अंतरावरून धडधाकट सुटलेला जवान. त्याची डोकेदुखी, निद्रानाश व विसराळूपणा पंचनाम्यात सहसा उतरत नाहीत. तो रजेवर गावी आला, की घरच्यांसच त्यांचा प्रत्यय आधी येतो.

उपचार : विशिष्ट औषध नाही; विश्रांती व लक्षणानुरूप चिकित्सा.