मॅगझिन अडकतं, की अडकवलेलं असतं?

शस्त्रांच्या इतिहासावरच्या या व्याख्यानमालेत आज आपण लढाया आणि सेनापती बाजूला ठेवू आणि एका पत्र्याच्या डबीकडे बघू. पिस्तुलाचं मॅगझिन. गोळ्या संपल्या, बटण दाबलं, की रिकामं मॅगझिन आपल्या वजनाने खाली पडावं अशी अपेक्षा असते. काही पिस्तुलांत ते पडत नाही. थोडं सरकतं आणि तिथेच राहतं, मग दुसऱ्या हाताने ओढून काढावं लागतं. चकमकीत हे एक-दोन सेकंद म्हणजे जिवाशी गाठ. मग इतका उघड दोष वर्षानुवर्षं तसाच का राहिला? आमचं म्हणणं असं, की पुष्कळ वेळा तो दोष नव्हताच. कुणीतरी तो मागून घेतला होता.

आधी शब्द बघू. मॅगझिन हा शब्द मूळ अरबी 'मखजन'वरून आला. अर्थ कोठार. वली आणि सिराज यांच्या या शहरात उर्दू जाणणाऱ्यांना 'मखजन' नवा नाही. युरोपात जाऊन तो दारूगोळ्याचं कोठार झाला, 1731 साली लंडनच्या एका नियतकालिकाने तो नावात घेतला म्हणून मासिकही झाला, आणि शेवटी बंदुकीतल्या गोळ्यांची डबी झाला. आपल्याकडे मासिकालाही मॅगझिन आणि या डबीलाही मॅगझिनच म्हणतात, ते त्यामुळे.

आता शहराबाहेर देवगिरीवर चला. तिथली मेंढा तोफ आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती तोंडातून भरायची तोफ. सुटा भाग नाही, म्हणून अडकायला काही नाही. पण भरायला वेळ लागतो. याउलट पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर ज्या छोट्या तोफा आल्या, त्यांच्यात मागच्या बाजूला दारू भरलेला सुटा डबा बसवून पाचर ठोकायची पद्धत होती. डबे आधी भरून ठेवले की बार भराभर काढता येत. पण पाचर सैल राहिली तर मागून आग यायची, आणि फार घट्ट बसली तर डबा निघता निघायचा नाही. वेग हवा तर सुटा भाग हवा, आणि सुटा भाग आला की घट्ट किती नि सैल किती, हा प्रश्न आलाच. पिस्तुलाच्या मॅगझिनचा प्रश्न तोच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या प्रश्नाची दोन उत्तरं पुढे आली. अमेरिकी सैन्याने 1911 साली जॉन ब्राउनिंग यांचं पिस्तूल घेतलं. त्यात चापाच्या मागे, अंगठ्याजवळ बटण होतं. दाबा, मॅगझिन खाली. पण घोड्यावरून पडलेलं मॅगझिन शोधायचं कसं? म्हणून सुरुवातीच्या मॅगझिनांच्या तळाला चक्क दोरी अडकवायची कडी होती! म्हणजे पडू द्यायचं, पण हरवू द्यायचं नाही.

युरोपातल्या अनेक सैन्यांनी दुसरी वाट धरली. मुठीच्या तळाशी खटका. एका हाताने खटका मागे ओढायचा, दुसऱ्या हाताने मॅगझिन काढायचं. जर्मनांनी 1938 साली घेतलेलं वाल्थर पी-38 असंच आहे. वेळ जास्त लागतो, पण मॅगझिन शिपायाच्या हातात राहतं. सरकारी हिशेबात तर मॅगझिन ही मोजून दिलेली आणि मोजून परत घ्यायची वस्तू.

आता आपल्या देशात लष्कराच्या आणि पोलिसांच्या कमरेला वर्षानुवर्षं दिसलेलं पिस्तूल घेऊ. 'पिस्टल ऑटो 9 एमएम 1-ए'. ते पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं. पण त्याचं कूळ बेल्जियमचं आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं. गोळ्या जास्त मावाव्यात ही एक अट, आणि मॅगझिन काढलेलं असताना चाप ओढला तर गोळी सुटू नये ही दुसरी. या दुसऱ्या अटीमागे बराकीतला अनुभव होता. शिपाई मॅगझिन काढतो, पिस्तूल रिकामं झालं असं समजतो, आणि नळीत राहिलेली एक गोळी शेजारच्याचा जीव घेते.

ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्यासाठी काम सुरू केलं, पण 1926 साली लिएजमध्येच त्यांचं निधन झालं. पुढचं काम दियुदोने सेव्ह यांनी पुरं केलं. 13 गोळ्यांचं, दोन ओळींचं रुंद मॅगझिन त्यांचंच. 1935 साली 'हाय-पॉवर' तयार झालं. गंमत बघा, ज्या फ्रेंचांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांनी वेगळंच पिस्तूल घेतलं. पण त्यांची अट मात्र हाय-पॉवरच्या पोटात राहून गेली.

ती कशी काम करते? चापाला जोडलेला एक छोटा दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने मॅगझिनच्या पुढच्या अंगावर दाबून धरलेला असतो. मॅगझिन आत असेल तर दट्ट्या मागे राहतो आणि चाप लागतो. मॅगझिन काढलं की दट्ट्या पुढे येतो आणि चापाची जोडणी सुटते. फार हुशारीची योजना. पण जो दट्ट्या मॅगझिनवर दाबतो, तोच त्याला पडू देत नाही. त्याच्या घासण्यामुळे रिकामं, हलकं मॅगझिन मध्येच अडकतं.

1940 साली जर्मनांनी बेल्जियम घेतलं. पुढे हे पिस्तूल कॅनडात, टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीत, चीन आणि कॅनडासाठी बनू लागलं. ईशापूरचं पिस्तूल याच इंग्लिस घडणीचं. फ्रेंचांची भीती बेल्जियम, कॅनडा असा प्रवास करत आपल्या शिपायाच्या कमरेला आली, आणि तिचं कारण मात्र वाटेत गळून पडलं. शिपायाला एवढंच कळतं, की मॅगझिन अडकतं.

यावर उपाय काय झाले? एफ.एन.ने पुढे काही मॅगझिनांच्या तळाला स्प्रिंगचा छोटा तरफदांडा बसवला. बटण दाबलं की तो मॅगझिनला बाहेर ढकलतो. उंदराच्या सापळ्यासारखा दिसतो म्हणून त्याला तेच नाव पडलं. या उपायात सुरक्षा राहते आणि अडकणं जातं. हौशी लोक मात्र दट्ट्याच काढून टाकत. त्यात मॅगझिन सुटतं, पण ज्या अपघातासाठी तो बसवला त्याचा रस्ताही मोकळा होतो.

दुसरं उदाहरण ग्लॉकचं. 1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते घेतलं. त्याचं मॅगझिन प्लास्टिकचं, आत पत्र्याचं अस्तर, पण समोरची बाजू मोकळी. गोळ्या भरल्या की डबी किंचित फुगायची आणि मुठीत पकड धरायची. ऑस्ट्रियाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिथे मॅगझिन हाताने काढायचीच सवय. अमेरिकी पोलिसांना मात्र ते पडायलाच हवं होतं. मग अस्तर चारही बाजूंनी आलं आणि डबी फुगायची थांबली. वस्तू तीच होती. एका देशात तिला गुण म्हणत आणि दुसऱ्या देशात तक्रार.

याचा अर्थ प्रत्येक अडकलेलं मॅगझिन इतिहासामुळे अडकतं असं नाही हं! पत्र्याला पोचा, गंज, मुठीत साचलेली माती, भलत्याच बनावटीचं मॅगझिन, ही साधी कारणं असतातच. म्हणून जाणकार आर्मरर आधी पिस्तूल पूर्ण रिकामं असल्याची खात्री करतो, मग साफसफाई, आणि मग अदलाबदल करून बघतो. एकच मॅगझिन प्रत्येक पिस्तुलात अडकत असेल तर खोट मॅगझिनमध्ये. एकाच पिस्तुलात सगळी मॅगझिनं अडकत असतील तर खोट पिस्तुलात. आणि त्या बनावटीच्या सगळ्याच पिस्तुलांत सगळीच अडकत असतील, तर कानस खाली ठेवायची आणि जुनं टिपण काढायचं. तिथे कुणाची तरी अट लिहिलेली सापडेल.

वाळूज-चिकलठाण्याच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. ड्रॉइंगवर एखादं माप विनाकारण घट्ट वाटतं. नवा माणूस म्हणतो, सैल करू. जुना माणूस विचारतो, हे कुणी आणि का घट्ट ठेवलं होतं? कारण कळल्यावर ते सैल करायलाही हरकत नसते. ब्रिटिश सैन्याने 2013 साली हाय-पॉवर सोडून ग्लॉक घ्यायचं ठरवलं, तेव्हा मॅगझिनशिवाय गोळी न सुटण्याची ती जुनी सोयही गेली. तिची जागा आता शिस्तीने घ्यायची आहे. मॅगझिन काढल्यावर नळी उघडून डोळ्यांनी बघणं, दर वेळी, न चुकता.

हा हिशेब कधी फुकट सुटत नाही. यंत्रातली सुरक्षा काढली की ती माणसाच्या सवयीत घालावी लागते, आणि सवय लावायला सराव लागतो, गोळ्या लागतात, वेळ लागतो. ते द्यायची तयारी नसेल तर अडकणारं मॅगझिन बरं. आज इथेच थांबू. प्रश्न असतील ते जरूर विचारा.