विषाणुरोधक उपचार (एआरटी) योजना, भारतातील

एचआयव्हीबाधितांना आयुष्यभर मोफत औषधे पुरवणारी राष्ट्रीय योजना. ती १ एप्रिल २००४ रोजी आठ सरकारी रुग्णालयांत सुरू झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्याआधी औषधे होती, पण ती श्रीमंत देशांपुरती. तिथे वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने हाच तीन औषधांचा उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला आणि सारे गणितच पालटले.

औषधे, तपासण्या आणि डॉक्टर शासनाचे. माणसाला उपचार केंद्रापर्यंत आणून तिथे टिकवण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवी संस्थांचे. योजनेचा खरा जीव या दुसऱ्या कामात आहे. समुपदेशक डबीत उरलेल्या गोळ्या मोजतो, कारण गोळ्या चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही, तर संस्थेचा कार्यकर्ता, पुष्कळदा स्वतःही बाधित असलेला, त्याच्या घरी जातो. तिथे आजाराचे नाव काढायचे नाही, शेजाऱ्यांना सुगावा लागू द्यायचा नाही, हे पथ्य त्याला पाळावेच लागते.

उपचाराबरोबर लागण रोखण्याचे कामही चालले: गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ हा प्रतिबंध कार्यक्रम (२००३) महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला व पुढे टप्प्याटप्प्याने शासनाकडे आला. एआरटी योजनेत आरंभी सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध मिळे; २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.